रंजक

वूस्टरच्या बाहेर, काउंटी रस्त्याला लागून,
जिथे मक्याची धसकटं बर्फातून डोकं काढतात,
तिथे एल्डन बॉमनचं गॅरेज.
तेहतीस वर्षं त्याने कारखान्यात नळाच्या तोट्या कातल्या,
आणि एका नोव्हेंबरात म्हणाला,
मॅचलॉक करू या.
तोड्याची बंदूक, मी म्हणालो.

मी विमा कंपनीत आकडे जुळवणारा माणूस.
बंदूक कधी धरली नव्हती,
जत्रेतली, फुगे फोडायचीसुद्धा.
पण वडिलांच्या कपाटातल्या बखरी वाचल्या होत्या,
आणि शब्द वर येत गेले,
विहिरीत बुडालेल्या कळश्या गळाला लागाव्यात तसे:
दस्ता. चाप. गज. जामगी.
बार भरतात तिकडे पोचणारं बारीक भोक, त्याला कान.
कानावर ठेवायची चिमूटभर दारू, ती रंजक.
एल्डन प्रत्येक भागावर पेन्सिलीने लिहून घ्यायचा,
रोमन अक्षरांत, चुकवत.

अक्रोड त्याच्याच परसातला,
वादळात पडलेला, तीन हिवाळे वाळलेला.
रंधा चालला की लोरेटा दारातून सांगायची,
या लाकडाचं माझं टेबल होणार होतं.

नळी मात्र त्याने विकत आणली, तपासून शिक्का मारलेली.
नऊ बोटं उरलीत, म्हणाला,
तेवढी राहू देत.

तोडा धरणारा लोखंडी साप त्याने तापवून वाकवला.
फणा खाली आला की नेमका कानाशी टेकायला हवा.
सहा साप वाया गेले.
त्यातल्या दोनांवर आता लोरेटा
भांडी पुसायचे टॉवेल अडकवते.

सुती दोरी सोऱ्याच्या पाण्यात भिजवली
आणि मी ती घरी वाळत घातली.
हेमांगी म्हणाली, एकतीस वर्षांत पहिल्यांदा
तोडे आणतोस म्हणालास,
आणि ही दोरी?

मार्चमधला रविवार. एल्डनच्या भावाचं शेत,
मागे मातीचा उंच बांध,
खांबावर हॅलोवीनपासून उरलेला सुरकुतलेला भोपळा.
एल्डनने तोड्यावर फुंकर मारली. निखारा जागा झाला.
चाप ओढला, आणि साप वाकला,
सावकाश,
थोरल्यांच्या पाया पडावं तसा.

भक्क.
रंजक उडाली.
आणि बस्स.

नळी बांधाकडेच रोखून आम्ही साठ मोजले,
मग पुन्हा साठ.
धूर कुंपण ओलांडून निघून गेला.
फुसका बार, मी म्हणालो, आणि त्याला अर्थ सांगितला,
निवडणुका, लग्नं आणि माझी पहिली नोकरी
यांचे दाखले देऊन.
तो इतका हसला की टोपी पडली.

मग त्याने सुईने कान मोकळा केला, नवी रंजक घातली,
आणि बंदूक माझ्याकडे दिली.

जड होती.
दस्ता हा शब्द मी चाळीस वर्षं बाळगला होता,
त्याचं वजन मला कुणी सांगितलं नव्हतं.
डोळे मिटावेसे वाटतात हेही बखरीत नव्हतं,
आणि चाप आणि बार यांच्यामध्ये
एक फट असते, अर्ध्या श्वासाची,
जिच्यात माणसाला मत बदलायचं असतं
आणि उशीर झालेला असतो,
हेही नाही.

ठो.

खांदा. कानात शिट्टी. सडक्या अंड्यांचा वास.
भोपळा जागच्या जागी.
गोळी बांधात कुठे शिरली, देव जाणे;
एल्डन कुदळ घेऊन तासभर शोधत होता.
मधेच थांबून म्हणाला, रंजक,
स्वच्छ, जणू वेन काउंटीतलाच शब्द.
आमच्याकडे आता त्याचा अर्थ
वेळ बरा घालवणारं, एवढाच उरलाय,
हे सांगणार होतो. राहून गेलं.

तोड्याचा तुकडा मी खिशात टाकला होता,
विझवून.
विझलाय असं मला वाटलं होतं.
गाडीत वास आला तोवर कोटाच्या अस्तराला
रुपयाएवढं भोक.

हेमांगी शिवून देते म्हणते. मी कोट देत नाही.
त्यातून सुटे पैसे पडतात, कधी किल्ल्या,
काल लायब्ररीचं कार्ड पडलं,
आणि ते उचलून देणाऱ्या पोराला मी विनाकारण सांगत बसलो
की हे भोक कसं पडलं.